सतरा जणांची एकच म्हातारी

पहिली म्हातारी भेटली तेव्हा बाईंना कौतुक वाटलं होतं. दुसरी त्यांनी योगायोग म्हणून सोडून दिली. तिसरीच्या वेळी मनात पाल चुकचुकली, आणि सातवी भेटली तेव्हा त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं, चष्मा पुसला आणि उत्तरपत्रिकांचा अख्खा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतला.

बाई कॉलेजात पहिल्या वर्षाला 'लोकप्रशासनाची ओळख' हा विषय शिकवायच्या. सव्वीस वर्षं शिकवत होत्या. पोरं त्यांना पाठीमागे ऑडिटबाई म्हणायची आणि ते त्यांना माहीत होतं. मनातून आवडतही असावं, कारण ते बंद करायचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही. हजेरीच्या सह्या त्या भिंग लावून तपासायच्या. कुणी आजारी पडल्याचं सांगितलं की आधी डॉक्टरच्या शिक्क्यावरची तारीख बघायच्या आणि मग तब्येत विचारायच्या.

यंदाच्या वार्षिक परीक्षेत चौथा प्रश्न त्यांनी मुद्दाम गाइडात सापडणार नाही असा काढला होता. नागरिक आणि प्रशासन यांच्यातलं अंतर स्वतः पाहिलेल्या एका उदाहरणाने स्पष्ट करा, गुण दहा. स्वतः पाहिलेल्या या शब्दांखाली रेघसुद्धा मारली होती. आणि त्रेसष्टपैकी सतरा जणांनी पाहिली होती एकच म्हातारी.

तिचा नवरा वारला होता. घरातला नळ त्याच्या नावावर होता. पाणीखात्याने नोटीस पाठवली की जोडणीधारकाने स्वतः येऊन ओळख पटवावी, नाहीतर पाणी बंद. जोडणीधारक कुठून येणार? म्हणून ती नळ आपल्या नावावर करून मागत होती आणि पाच नंबरच्या खिडकीवरचा कारकून तिचा अर्ज परत करत होता. सतराही उत्तरांत हीच कथा. फरक होता तो बारीकसारीक. कुठे म्हातारीची पिशवी निळी तर कुठे हिरवी. कुठे ती 'पोरी' म्हणते तर कुठे 'बाळा'. कुठे तिच्या हातात पुरुषी घड्याळ आहे, कुठे घड्याळाचा पत्ताच नाही. बाईंना तर हे फरकच जास्त खुपले. सरळसरळ उतरवून काढलं असतं तर एक वेळ मूर्खपणा म्हणता आला असता. इथे पिशवीचा रंग बदलण्याइतकी अक्कल वापरली होती म्हणजे कुठेतरी चांगलंच पाणी मुरत होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याचं औषधांचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तो घरी आला की त्याला फक्त शांतता हवी असायची. तो म्हणाला, असेल एखादी म्हातारी खरंच. बाई म्हणाल्या, सतरा जणांना? तो म्हणाला, माझ्याकडे रोज चाळीस जण खोकला घेऊन येतात, मी काय त्यांना एकमेकांचा खोकला चोरला म्हणतो? बाईंना वाटलं, असल्या माणसाशी काय बोलायचं!

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तपास सुरू केला. झेरॉक्सवाल्याकडे गेल्या, कुणी एकाच पानाच्या सतरा प्रती काढल्या का ते विचारलं. तो बापडा हातातलं काम सोडून यांच्या तोंडाकडे बघत राहिला. बाजारातली तिन्ही गाइडं चाळली, तिथेही म्हातारी नव्हती. परीक्षेच्या हॉलमधल्या जागांचा नकाशा काढून सतरा जणांच्या बाकांवर खुणा केल्या, तर खुणा चारही कोपऱ्यांत विखुरलेल्या. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. बाईंनी मात्र निष्कर्ष काढला की कट आधीच, हॉलच्या बाहेर शिजला.

विभागप्रमुखांना भांडण नको होतं आणि जबाबदारी तर मुळीच नको होती. ते म्हणाले, तुमची खात्री असेल तर सामूहिक कॉपीचा अहवाल द्या, शुक्रवारी चारच्या आत परीक्षा विभागात पोचला पाहिजे. अहवाल गेला की सतराही जणांचा निकाल रद्द आणि अख्खं वर्ष वाया. बाईंनी त्याच दिवशी अहवाल लिहून काढला. फक्त सही केली नाही. सतरात एक नाव त्या मुलीचं होतं, जी वर्षभर पहिल्या बाकावर बसून सगळं एका जाड डायरीत लिहून घ्यायची. वर्गात तिला डायरीवालीच म्हणत. शिकवताना बाई तिच्याकडे बघून शिकवायच्या, इतकी ती त्यांना आपली वाटायची. तिनेही फसवलं याचा राग त्यांना बाकी सोळांपेक्षा जास्त आला होता.

गुरुवारी त्यांनी सतराही जणांना एका खोलीत बसवलं, दार लावलं आणि विचारलं की ही म्हातारी कुणाच्या डोक्यातून निघाली. मग मागून कुरळ्या केसांचा एक मुलगा उठला आणि म्हणाला की डोक्यातून नाही, ती त्याला पाणीखात्यासमोरच्या बसथांब्यावर भेटली होती आणि त्याने स्वतः तिला अर्ज लिहून दिला होता. त्यावर डायरीवाली ताडकन वळली.

"तू? अर्ज मी लिहून दिलाय तिला. माझ्याशिवाय तिला कुणी नाही म्हणाली होती."

मग जे झालं ते बाईंनी सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिसरा म्हणाला मी लिहिला, चौथी म्हणाली मी, आणि बघता बघता सतरा जण एकमेकांवर तुटून पडले. ज्याला त्याला वाटत होतं की आपली म्हातारी दुसऱ्याने ढापली. एकजण तर शेजारणीला म्हणाला की मी तुला कँटीनमध्ये सांगितलं तेच तू पेपरात घातलंस. बाई हाताची घडी घालून बघत होत्या. सोंग छान वठवलंय, त्यांच्या मनात आलं, तालीम बरेच दिवस चाललेली दिसते.

डायरीवालीला त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळलं. ती शांत झाली आणि म्हणाली, "मॅडम, स्वतः पाहिलेलं लिहा असं तुम्ही सांगितलंत. आम्ही पाहिलं. आता एकदा तुम्ही बघून या."

पोरीची हिंमत बघा! बाईंनी सगळ्यांना घालवून दिलं. पण रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. शुक्रवारी सकाळी कुणालाही न सांगता, नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी, त्या पाणीखात्याच्या कचेरीकडे निघाल्या. सांगून गेलं तर पोरं एखादी म्हातारी पढवून उभी करतील, हा त्यांचा हिशेब. कचेरी कॉलेजच्या पुढच्या फाटकाजवळच होती आणि पोरं तिच्यासमोरच्याच थांब्यावर बसमधून उतरायची. बाई रोज स्कूटरवरून मागच्या फाटकाने यायच्या, त्यामुळे हा बसथांबा त्यांनी असा थांबून कधी पाहिलाच नव्हता.

कचेरीच्या तिसऱ्या पायरीवर ती बसली होती. पिशवी एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी. घड्याळ होतं, पण बाही खाली ओढली की दिसायचं नाही. बाईंच्या पर्सला अडकवलेलं पेन तिने लांबूनच हेरलं.

"पोरी, वेळ आहे का गं? एक अर्ज लिहून हवा होता. तुझ्याशिवाय कुणी नाही बघ मला."

बाईंचं वय बावन्न. पोरी म्हणून हाक ऐकून किती वर्षं झाली होती कोण जाणे. पण त्या विरघळल्या नाहीत. त्यांनी कडक आवाजात विचारलं की याआधी किती जणांनी लिहून दिले. म्हातारीने लगेच पिशवी मांडीखाली घेतली आणि उलट विचारलं, तुम्ही आतल्या का? शेवटी बाईंनी आपण त्या पोरांना शिकवतो असं सांगितलं तेव्हा कुठे म्हातारीने पिशवी उघडली.

सतरा नव्हते, तेवीस अर्ज होते. प्रत्येकाचं अक्षर वेगळं. डायरीवालीचं बाईंनी तत्क्षणी ओळखलं. मग पोरांना आधीच्यांबद्दल का सांगत नाहीस, असं त्यांनी विचारलं. म्हातारी म्हणाली, "तेवीस परत आले म्हटल्यावर चोविसावा कोण लिहील? लिहायलाच घाबरतात."

बाई अर्ज एकेक करून उलटू लागल्या. प्रत्येक अर्जावर लाल पेनाने गोल काढले होते आणि गोलांना आकडे दिले होते. एकात विषय ठळक नाही, दुसऱ्यात डावीकडचा समास पुरेसा नाही, तिसऱ्यात जोडपत्रांची यादी नाही. तळाला 'सुधारून पुन्हा सादर करावे' आणि त्याखाली दोन रेघा. असे गोल, असे आकडे आणि हे वाक्य बाई गेली सव्वीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लिहीत आल्या होत्या. दुसऱ्या रेघेनंतर टिंब द्यायची त्यांची सवय होती, तेसुद्धा इथे होतं.

ते अर्ज, नोटीस आणि दाखला म्हातारीकडून मागून घेऊन त्या तडक पाच नंबरच्या खिडकीवर गेल्या. आतला तरुण कारकून त्यांना बघताच खुर्ची मागे सारून उभा राहिला. सहा वर्षांपूर्वी याच विषयात वर्गात पहिला आलेला मुलगा. त्याने त्यांना आत बोलावलं, स्वतःची खुर्ची दिली आणि शेजारच्या टेबलांवर सांगून टाकलं की या माझ्या मॅडम, मी आज जो आहे तो यांच्यामुळे. ते त्याने मनापासून सांगितलं. सांगताना ऊर भरून आला होता त्याचा. बाईंना तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी म्हातारीचा विषय काढला. तिचा नवरा वारलाय हे तुला माहीत आहे का? तो म्हणाला, "माहीत आहे ना मॅडम, प्रत्येक अर्जात लिहिलंय, मी सगळे वाचतो. मृत्यूचा दाखलाही जोडलाय. पण तो मुद्दा तपासायची वेळच येत नाही. आधी अर्ज तर बरोबर यायला हवा. या खिडकीवरून एकही चुकीचा अर्ज पुढे गेलेला नाही."

बाईंनी कोरे कागद घेतले आणि तिथेच बसून स्वतः दोन प्रतींत अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मुद्देसूद मजकूर, जोडपत्रं. त्याने दोन्ही हातांनी घेतला, सावकाश वाचला, आणि वाचता वाचता त्याचा चेहरा कसानुसा झाला. त्याने लाल पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"मॅडम, राग मानू नका. संदर्भात नोटिशीचा क्रमांक राहिलाय."

राहिला होता खरंच. सतरा पोरांना पकडायला निघालेल्या ऑडिटबाई खिडकीवर स्वतःच पकडल्या गेल्या. त्यांना लाज वाटली, आणि त्या मुलाची नव्हे, स्वतःची. या पोराला त्यांनी चुका शोधायला शिकवलं होतं आणि चूक शोधल्यावर पूर्ण गुण दिले होते. कागदाच्या पलीकडे कुणी बसलंय का ते बघण्याला त्यांनी आजवर कुणालाच एक गुण दिला नव्हता.

पण सव्वीस वर्षं काही फुकट गेली नव्हती. त्यांनी अर्ज परत घेतला नाही. टेबलावर त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "क्रमांक नोटिशीवर आहे, नोटीस सोबत जोडलीय, तुला दिसतोय. तरी परत करायचा तर कारण तुझ्या अक्षरात लिही, नाव लिही, सही कर आणि तारीख घाल. मेलेल्या माणसाला हजर करा, आणि तो मेलाय हेही आकडा राहिला म्हणून ऐकून घेणार नाही, असं लिही."

खोलीतली बाकीची टेबलं एकदम कामाला लागली. त्याने बाईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पहिल्यांदा संशय होता, म्हणजे या खरंच माझ्याच मॅडम का, असा.

"हे तुम्ही शिकवलं नव्हतंत," तो हळूच म्हणाला.

"नाही शिकवलं," बाई म्हणाल्या. "ते माझंच चुकलं."

मग नोटीस उलगडून त्याने क्रमांक स्वतःच्याच हाताने संदर्भात लिहिला, अर्ज नोंदवून घेतला आणि पोहोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला.

बाहेर पायरीवर येऊन बाईंनी पोहोच म्हातारीच्या हातात ठेवली आणि सांगितलं की आता हा अर्ज परत येणार नाही, आत गेलाय. म्हातारीने कागद उजेडात धरला, शिक्क्यावर नख घासून पाहिलं, पाठीमागून पाहिलं. आनंद वगैरे काही दिसला नाही तिच्या चेहऱ्यावर. ती म्हणाली, "असं का. बरं. तरी अजून एक लिहून ठेव. लागला तर असू दे हाताशी."

बाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. पर्समधून कागद काढताना बिनसहीचा अहवाल हाताला लागला, तेवढ्यात विभागप्रमुखांचा फोन आला. अहवाल कुठपर्यंत आला, चारच्या आत पोचायला हवा, ते विचारत होते. बाई म्हणाल्या, अहवाल येणार नाही, कॉपी झालेलीच नाही, सतराही जणांनी पाहिलेलं लिहिलंय आणि मी त्यांना गुण देणार आहे. मग विभागप्रमुखांनी अगदी बाईंच्याच सुरात विचारलं की सतरा जणांना एकच म्हातारी भेटते, हे तुम्हाला पटतं का? कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर?

"सर, तुम्ही स्वतः येऊन बघा," बाई म्हणाल्या. "येताना पेन घेऊन या."

त्यांनी फोन बंद केला आणि कागद मांडीवर घेतला. म्हातारी सरकून अगदी जवळ आली आणि बोटाने कागदाची डावी कड दाखवू लागली.

"इथून चार बोटं सोड हं पोरी. त्या पोराला तसंच लागतं."