तू फक्त ओठ हलव

मी दातांची डॉक्टर आहे. लोक रोज माझ्यासमोर आ वासून बसतात आणि कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हा शाळेच्या स्थापनादिनी जे घडलं ते सगळ्यांत आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण मी स्वतःचंच तोंड सांभाळण्यात गुंतले होते.

आमची शाळा अँग्लिकन चर्चची, पण कारभार स्वतंत्र. सरकारकडून पैसा घ्यायचा नाही आणि बिशपांकडून आशीर्वादापलीकडे काही घ्यायचं नाही, हा संस्थापक पाद्रीबाबांचा शिरस्ता. शाळा सुरू झाली एका रिकाम्या तबेल्यात. उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे वेळेवर आलेच नाहीत, मुलं चुळबुळायला लागली, म्हणून पाद्रीबाबांनी तिथल्या तिथे एक स्तोत्र रचलं आणि पाहुणे दिसेपर्यंत त्यात कडवी घालत राहिले. स्तोत्राला सात कडवी आहेत. पाहुणे किती निवांत आले असतील याची कल्पना करा.

तेव्हापासून स्थापनादिनी ते स्तोत्र माजी विद्यार्थ्यांनी म्हणायचं आणि आताच्या मुलांनी बाकांवर बसून ऐकायचं, असा रिवाज. साथीला ऑर्गनबाई. आमच्या आधीच्यांना त्याच, आमच्या नंतरच्यांनाही त्याच. बाई आमच्याकडे पाठ करून वाजवायच्या, पण एक सूर घसरला तरी तो कुणाचा हे त्यांना मागे न बघता कळायचं.

गायनवृंदात प्रत्येक मुलाने असायचं हा शाळेचा नियम. मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी बाई माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाल्या, "बाळ, तू फक्त ओठ हलव." इतक्या प्रेमाने म्हणाल्या की मी वर त्यांना थँक्यू म्हटलं. मग शाळा संपेपर्यंत मी ओठ हलवले. त्यात मी चांगली तरबेज झाले. योग्य जागी श्वास घ्यायची, वरच्या सुराला भुवया उचलायची. नाताळच्या कार्यक्रमाला आई पहिल्या बाकावर बसून कौतुकाने डोळे पुसायची आणि मी तिला खरं सांगायची नाही. पुढे बाथरूममध्येसुद्धा गायची माझी छाती झाली नाही. या गोष्टीचा मला राग आहे. बाईंवर जीव आहे, तरी आहे.

यंदा बाई निवृत्त होणार होत्या. नवे मुख्याध्यापक माणूस भला, पण जगात प्रत्येक गोष्टीला एक बटण असावं अशा मताचे. त्यांनी एका नामांकित गायनवृंदाकडून आमचं स्तोत्र रेकॉर्ड करून आणलं.

"बाई, आपण हे स्पीकरवर लावू," ते म्हणाले. "हल्ली कुणाला सराव नसतो. बिशपसाहेबांसमोर शोभा नको."

"माझी मुलं म्हणतील," बाई म्हणाल्या.

"आणि फजिती झाली तर?"

"तर लावा तुमचं बटण. मग दरवर्षी तेच लावत जा."

हे सगळं बाईंनीच मला फोनवर सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "येशील ना गं?"

"मी येऊन काय करू, बाई? ओठ हलवू?"

"तू ये तर खरी," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गेले. न जाऊन सांगते कुणाला? चॅपलमध्ये आम्ही पांढरे झगे चढवून तीन रांगांत उभे राहिलो. माझ्या शेजारी माझा वर्गमित्र लंबू होता. वर्गात मुखदुर्बळ, आता कोर्ट दणाणून सोडणारा वकील. समोर बिशप, विश्वस्त, बाकांवर मुलं, आणि कोपऱ्यात स्पीकरजवळ मुख्याध्यापक. बाईंनी सुरावट वाजवली. आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तोंडं उघडली आणि पहिलं कडवं सुरू झालं.

म्हणजे ऑर्गनचं सुरू झालं. दुसरं काहीच ऐकू येईना. आधी वाटलं, माझे कान गेले. मी लंबूकडे पाहिलं. तोंड पुरेपूर उघडं, माझ्याच हातचं फिलिंग चमकतंय, आणि वरच्या सुराला दोन्ही भुवया बरोब्बर वर.

"तुलाही सांगितलं होतं?" तो ओठांच्या कोपऱ्यातून कुजबुजला.

"तुलाही?"

मी मान वळवून पाहिलं. तिन्ही रांगांत भुवया वर. खरे गाणारे पाच-सहाजण दूरदेशी, कुणाला रजा मिळाली नव्हती. उरलेले आम्ही सगळे त्या एका वाक्याचे धनी, आणि जो तो दुसऱ्याचं गाणं बिघडू नये म्हणून सभ्यपणे गप्प.

पहिलं कडवं असंच गेलं. पुढच्या बाकावरची मुलं खुसखुसू लागली. बाई थांबल्या नाहीत, पण त्यांची मान खाली गेली होती. मुख्याध्यापकांनी बटणाकडे हात नेला. त्यांच्या चेहऱ्यावर बाईंबद्दल कीव होती, आणि तीच मला सहन झाली नाही.

दुसऱ्या कडव्याला मी आवाज सोडला. त्यापेक्षा माझं दात कोरायचं मशीन सुरेल. बाईंची पाठ ताठ झाली. मागे न बघता त्यांना कळलं. माझं धाडस बघून लंबूने कोर्टातला आवाज लावला, मग मागची रांग, मग पुढची. प्रत्येकाची पट्टी वेगळी. बिशपांनी डोळे मिटून घेतले, बहुधा प्रार्थनेसाठी. चौथ्या कडव्याला बाकांवरची मुलंही उठून ओरडायला लागली आणि मुख्याध्यापकांनी हात खिशात घातला. मला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि सातव्या कडव्यानंतर पाद्रीबाबांनी आठवं का केलं नाही असं आयुष्यात प्रथमच वाटलं.

बाई स्टुलावरून वळल्या. चष्म्यावरून आम्हाला एकेकाला न्याहाळलं.

"आता पटलं ना, तुम्हाला का गप्प बसवत होते ते?"

सगळं चॅपल हसलं. बाईंनी चष्मा काढून झग्याला पुसला, बराच वेळ पुसला. मग सावकाश चालत माझ्यापाशी आल्या. आता मलाच वाकावं लागलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून घेतेय. बाळ, तू जरा मोठ्याने म्हण."

आणि त्या लंबूच्या कानाकडे वळल्या.