गेसॉक म्हणजे

कोरियातल्या जेजू बेटाच्या बोलीचा कोश करणाऱ्या बाई कॅमेरा घेऊन किनाऱ्यावरच्या शेकोटीपाशी आल्या. समुद्रात बुडी मारून शंख काढून आलेल्या बायका अंग शेकत बसल्या होत्या. त्यांच्यात तोंडाळ कोण, तर सून-दोक. "गेसॉक म्हणजे काय हो?" असं बाईंनी विचारायचा अवकाश, ही उठलीच.

"सांगायचं कशाला, दाखवतेच की." तिनं आपल्या जाळीतले ओंजळभर शंख काढले आणि कॅमेऱ्यासमोर शेजारच्या म्हाताऱ्या चुनोक मावशीच्या जाळीत ओतले. "जिची जाळी हलकी, तिला आपल्यातलं द्यायचं. झालं गेसॉक."

बाई खूश झाल्या. मावशी कसनुशी हसली आणि जाळी उचलून घरी गेली.

मावशीची जाळी हलकी नव्हतीच. म्हातारीनं आजही नेहमीइतके शंख काढले होते, ते सून-दोकला चांगलं दिसलं होतं. पण कॅमेरा समोर आला की माणसाला जरा जास्तच शहाणपण सुचतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आली नाही, नंतरही नाही. "सगळ्या बेटाला दाखवलंस ना, म्हातारी संपली म्हणून?" एक जण फटकन बोलली. पाण्यात दम कसा राखायचा, ते सून-दोकला मावशीनंच शिकवलं होतं, आणि त्याच मावशीला तिनं चारचौघांत नाचक्की करून घरी बसवलं होतं. शेवटी ती मावशीच्या दारात जाऊन उभी राहिली.

मावशी अंगणात लसूण निवडत होती.

"मावशी, माझं चुकलं. त्या बाईंना ते पुसायला लावते."

"कशाला? अर्थ बरोबर सांगितलास." मावशीनं मान वर केली नाही. "मी द्यायची तेव्हा घेणारीला कळू द्यायची नाही, एवढंच."

"कुणाला द्यायचीस?"

"नवी होतीस तेव्हा रोज भरली जाळी मिरवत घरी जायचीस. तू हात शेकायला वळलीस की टाकायची मी."

सून-दोक तिच्यापाशी बसून लसूण निवडू लागली. "उद्या येशील ना पाण्यावर?"

"कशी येऊ, बाई? आता जाळी कितीही भरली, तरी मला वाटणार, कुणीतरी टाकलंय."