खंडेनवमीला माझ्यावर स्वस्तिक नसतं

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. ओमानमध्ये, मस्कतच्या हमरिया भागात बाळकृष्ण शिंप्याच्या दुकानात असते. माझं पहिलं घर मात्र व्हिएन्नातलं, एमिल नावाच्या ज्यू शिंप्याचं. त्याची पुतणी लोटे. तिचा शाळेचा पहिला झगा मीच शिवला.

१९३८ साली नाझी आले. त्यांच्या झेंड्यावर आपल्या स्वस्तिकासारखी खूण होती. एमिलच्या दुकानाच्या काचा फुटल्या. तो मला घेऊन बोटीने मुंबईला आला. निघताना त्याचा भाऊ, लोटेचा बाप, म्हणाला, "लोटेचं शाळेचं वर्ष संपलं की आम्हीही निघतो." ते आलेच नाहीत. नाझींनी सुमारे साठ लाख ज्यू मारले. त्यांत लोटेही होती.

युद्धानंतर बाळकृष्णाचे वडील एमिलकडे काम शिकू लागले. खंडेनवमीला त्यांनी भक्तीने माझ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ते पाहून एमिलने त्यांना लोटेची गोष्ट सांगितली. कारण कळल्यावर वडिलांनी ओल्या फडक्याने मला पुसलं आणि नुसतं झेंडूचं फूल वाहिलं. एमिलने पुढे मला त्यांनाच दिलं, आणि बाळकृष्णाने मला मस्कतला आणलं. तेव्हापासून माझी पूजा तशीच होते.

२०१६ साली बाळकृष्ण कायमचा राजापूरला परतणार होता. दुकान मुलगी शिवांगी बघणार होती. तिला लोटे ठाऊक नव्हती. तो गेला की माझ्याजवळ ते नाव घेणारं कुणी उरणार नव्हतं.

त्या खंडेनवमीला पहिल्यांदाच पूजा करताना शिवांगीने सगळ्या मशिनींवर स्वस्तिकं काढली आणि कुंकवाचं बोट माझ्याकडे आणलं.

"हिच्यावर नको गं."

"का बाबा? हीच तर सीनियर आहे!"

कापड बेतणारा हुसेन हसला. "बाळूभाई, बुढिया से इतनी दुश्मनी? यल्ला, चलो, लगाने दो!"

बाळकृष्ण हसला नाही. त्याने सगळं सांगितलं.

"मग हे मला आधी का नाही सांगितलंत?" शिवांगीने विचारलं.

"सणासुदीला कशाला, असं वाटायचं. दरवर्षी."

तिने बोटाचं कुंकू पुसलं. "स्वस्तिक तर आपलं शुभच आहे ना?"

"शुभच. पण एमिलच्या घरची माणसं त्या खुणेखाली मेली."

पुढच्या खंडेनवमीला बाळकृष्ण गावी होता. हुसेनच्या मुलीने, जोहराने, माझ्यावर नुसतं फूल पाहिलं आणि कारण विचारलं. शिवांगी अडखळत, निम्म्या हिंदीत सांगू लागली, "एक लडकी थी, लोटे."

मित्रांनो, मला तेल घाला, माझा पट्टा बदला. मी अजून चालेन. पण तिचं नाव मला मोठ्याने घेता येत नाही. ते तुम्ही घ्या.