तिनाचा आठ

सुहासिनीनं नोकरी सोडली तेव्हा माणिक पोटात होती आणि पुन्हा नोकरी शोधायला निघाली तेव्हा माणिक चौथीत. मधल्या वर्षांत तिनं पार्ल्याच्या दोन खोल्यांत मुलीचा गोवर काढला, अभ्यास घेतला, सासूबाईंचं पथ्य सांभाळलं. अंधेरीतल्या कुठल्याही ऑफिसात यातलं काहीएक कुणी धरायला तयार नव्हतं.

"इतकी वर्षं काय केलंत?" एका मॅनेजरनं विचारलं.

"मुलगी वाढवली."

"ते झालं हो. काम काय केलंत?"

घरी विद्याधर पेपरातून डोकं न काढता नवरेपणानं म्हणायचा, "मी सांगत होतो ना, विसरलीस तू सगळं." सासूबाई शेजारणींना ऐकवायच्या, "आमच्याकडे आता दोन साहेब. एकाला ऑफिस आहे, दुसऱ्याचं सापडत नाहीये." शेजारणी पदराआड हसायच्या आणि सुहासिनी आत कणीक तिंबत राहायची.

शेवटी ती जुन्याच ऑफिसात गेली. साकीनाक्याला औषधाच्या बाटल्यांची बुचं करणारा नंदकिशोर शेठचा कारखाना होता. तिथले हेड अकाउंटंट राजाराम परब, सगळ्यांचे अण्णा. ती बी.कॉम. होऊन आली तेव्हा नोंद कशी करायची, चूक कुठे दडून बसते, हे त्यांनीच तिला हात धरून शिकवलं होतं.

"इलंस चेडवा?" पोर परत आल्याच्या आनंदात अण्णा मालवणीवर आले आणि उठून उभे राहिले. तिनं पुरतं सांगायच्या आतच ते शेठच्या केबिनमध्ये गेले आणि तिची नोकरी घेऊन बाहेर आले. टेंपररी, पण नोकरी.

महिन्याभरातच तिच्या लक्षात आलं की अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशनची त्यांनी धास्ती घेतली होती आणि ऑफिसात कळलं तर संपलंच, म्हणून चष्मा पुसत दिवस ढकलत होते. इंग्रजी तीन आणि आठ त्यांना सारखेच दिसायचे. सुहासिनी न बोलता त्यांचे कागद आपल्याकडे ओढायची आणि पेन्सिलीनं आकडे दुरुस्त करून परत ठेवायची.

"तू नसतीस तर माझी वाट लागली असती गं," अण्णा हळूच म्हणायचे.

उन्हाळ्यात एकदा शेठनं तिला बोलावलं. शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"सुहासिनीबाई, दोन माणसं मला परवडत नाहीत. जूनपासून तुम्ही दुसरीकडे बघा. अण्णांना कसं काढू? जुना माणूस. चुकत असते तर गोष्ट वेगळी. पण अण्णा कधी चुकतच नाहीत हो!"

तिनं चहा संपवला. खरं सांगता आलं असतं. पण मग अण्णांची चहाडी करणारी म्हणून ती ऑफिसात उरली असती, आणि शेठनं विश्वास ठेवलाच असता असंही नाही. घरी गेल्यावर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सासूबाई पानावर म्हणाल्या, "आमटी अळणी झालीय. लक्ष ऑफिसात असेल." तिनं मीठ आणून ठेवलं.

त्याच आठवड्यात सेल्स टॅक्सचं रिटर्न भरायचं होतं. अण्णांनी ते तयार करून तिच्यापुढे सरकवलं. "बघून घे गं."

तिनं बघितलं. दुसऱ्याच पानावर तिनाचा आठ झाला होता आणि त्यापुढची सगळी बेरीज त्या आठामागून गेली होती. पेन्सिल तिच्या हातातच होती. ती तिनं खाली ठेवली.

"बघितलं अण्णा. बरोबर आहे."

पावसाळ्याच्या तोंडावर नोटीस आली, वर दंड. शेठ केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांदेखत ओरडला, "डोळे फुटलेत काय अण्णा तुमचे?" त्या माणसाच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकला नव्हता. टायपिस्ट प्रेमाचे हात मशीनवर थांबले. सुहासिनी मान खाली घालून बेरीज करत होती.

"चूक माझी, शेठ," अण्णा म्हणाले. एवढंच. कागद कुणी तपासला होता ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी त्यांनी खण रिकामा केला. खोकल्याच्या गोळ्या, जुना चष्मा, गणपतीचं छोटं कॅलेंडर पिशवीत भरलं आणि तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"सुहास, तो आठ तुला दिसला नव्हता?"

"नाही अण्णा. नजरचुकीनं राहिला असेल."

"नजर माझी गेलीय गं," अण्णा म्हणाले. "तुझी नाही."

भिंतीला हात लावत ते जिना उतरले. शिपाई लवू त्यांची पिशवी घ्यायला मागोमाग धावला. सुहासिनी बसून राहिली.

तिला कायम केलं. मोठं टेबल मिळालं, हाताखाली दोन पोरी मिळाल्या. पोरी तिला टरकून असायच्या. पगार वाढला तशा सासूबाई शेजारणींना "आमची सुहासिनी" म्हणू लागल्या. सुरुवातीला काही दिवस भांडी घासताना ती अण्णांना मनातल्या मनात उत्तरं द्यायची. माझी मुलगी आहे, मला घरात रोज टोचतात, तुमचं काय, दोन-तीन वर्षांत रिटायरच झाला असतात. मग कधीतरी ती उत्तरंही थांबली.

पुढच्याच्या पुढच्या मार्चात लवू सकाळी रडत आत आला. अण्णा पहाटे गेले होते, घाटकोपरला, राहत्या घरी. डोळ्यांचं ऑपरेशन शेवटपर्यंत केलंच नव्हतं. सगळं ऑफिस उठून उभं राहिलं.

"मार्च आहे," सुहासिनी म्हणाली. "सगळ्यांना जाता यायचं नाही. लवू, तू आणि प्रेमा जा. ऑफिसतर्फे हार घेऊन जा."

"बाई, तुम्ही नाही येणार?" लवूला खरंच कळेना. "तुम्हाला तर त्यांनी…"

"जाताना दार ओढून घे."

लवू तिच्याकडे बघत मागे सरला. पोरी खाली बसल्या. तिनं पुढचं बिल ओढून घेतलं. त्या दुपारी तिचा एकही आकडा चुकला नाही.