मागची सीट

धम्मशीला गाडी बदलायची म्हणाली तेव्हा सिद्धोधनला वाटलं, आता सात जणांची मोठी गाडी येणार. बायकोने बोट दाखवलं ते आदिनाथच्या गॅरेजातल्या लाल, दोन दारांच्या, जुन्या परदेशी स्पोर्ट्स कारकडे! इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यागत.

परभणी ते झरी रोजचं अपडाऊन. ती तिथे शिक्षिका, तो तिथल्याच बँकेत. गाडी तीच चालवायची, सोबत मुख्याध्यापक तात्याराव आणि सुकेशनी मॅडम. तात्याराव पुढे बसणार, कारण पुढची जागा वडीलधाऱ्यांची. रविवारी तीच जागा आई कस्तुराबाईंची. अठरा वर्षं सिद्धोधन मागेच बसत आला होता, गुडघे पोटाशी घेऊन, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

हौसेला मोल नसतं, हे कबूल. पण हिला हे सुचलं तरी कसं? त्याच्या डोक्यात भुंगा शिरला.

"आगं, ती पांढरी बघ की," तो म्हणाला. शेजारी तसलीच एक जुनी कार उभी होती. "मागं दोघं बसतेत. आदिनाथ म्हणतोय, सामानबी लवकर मिळतंय तिचं."

"नको."

"का पन?"

"चालवून तर बघू," म्हणत ती लाल गाडीत बसली. तिच्या शेजारी तो कसाबसा शिरला.

जिंतूर रोडला तिने स्पीडब्रेकरवर गाडी तिरकी घातली. पोट घासलं नाही. झरीत भर उन्हात इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. पहिल्याच झटक्याला लागलं. रोजच्या वापराला गाडी खरंच चालण्यासारखी होती, आणि त्यामुळे सिद्धोधन जास्तच बुचकळ्यात पडला.

परतताना तात्याराव रोजच्या थांब्यावर दिसले. गाडी बघायला मुद्दाम उभे होते. धम्मशीलाने ब्रेक लावला आणि सिद्धोधन सवयीने दार उघडून बाहेर उतरला. "बसा सर," म्हणाला, आणि मागे जायला वळला. मागे जागा होती कुठे? डिकीवर हात ठेवून तो उभाच राहिला.

"बसा की तुमीच!" तात्याराव हसले. "आमचं ठरलंय. तुमची जुनी गाडी सुकेशनी घ्यायलीय. मी तिच्या गाडीत पुढं, अन् रविवारी तुमच्या आईबी."

सिद्धोधन ओशाळून परत आत बसला. गाडी थोडी पुढे गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "समदं आधीच ठरवलं व्हय? मग ती पांढरी का नको?"

"मागं सीट असली की तुमी परत मागं जाऊन बसताल." तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. "अठरा वर्षं झाली, तुमाला नुसतं आरशात बघायलेय मी."

सिद्धोधनने पाय पुढे लांब केले. गॅरेज आलं. कोणती गाडी घेताय ते विचारायला आदिनाथ पुढे आला तर सिद्धोधन म्हणाला, "लालच. आपल्याकडं म्हणतेतच की, जमलं तर जमलं, बनी तो बनी, नहीं तो परभणी."