खऱ्या काट्याची साक्ष

सोमवारी सकाळी सात वाजता मूर्तिजापुरातल्या एका मंगल कार्यालयात गर्दी मावत नव्हती. लग्न नव्हतं. नवरदेवाच्या जागी वजनकाटा होता आणि हारही त्यालाच घातला होता. शनिवारी संध्याकाळी ज्यांची वजनं झाली होती, ते एकेक करून चढत होते आणि दोन-तीन किलोंनी हलके होऊन उतरत होते.

"कॅलरी हे थोतांड आहे," मॅक्रोगुरू शेखर सर माईकवर सांगत होते. "मोजायचं ते प्रमाण. प्रोटीन, कार्ब, फॅट. तिघांचा त्रिकोण जुळला की मनसोक्त खा, अंगाला लागतच नाही." त्रिकोण त्यांनी हवेत काढूनही दाखवला, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

गोवर्धनला मात्र शंका आली. तीस वर्षं भाजी विकलेला माणूस. काट्याच्या सगळ्या खोड्या त्याला पाठ. तो दुकानातून शिक्का मारलेली पाच-पाच किलोंची चार वजनं घेऊन आला आणि काट्यावर ठेवली. बरोब्बर वीस.

सरांनी हसत माईक पुढे केला.

"काटा खरा हाय," गोवर्धन म्हणाला.

टाळ्या पडल्या. रांग दुप्पट झाली. रांगेत त्याची बायको शकुनही होती. तिला साखरेचा आजार. अकोल्याच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ असलेल्या गोवर्धनच्या भाचीनं, करिश्मानं, तिला खाण्याचं माप लिहून दिलं होतं. ते त्याच दिवशी फडताळात गेलं. पाठोपाठ गोळ्याही.

"गोळ्या काहून बंद केल्या?" गोवर्धननं विचारलं.

"सर म्हणते, त्रिकोणात साखर राहत नाही. अन् काटा खरा हाय हे तुमीच त सांगतलं."

शकुन प्रमाणात पनीर खायची, प्रमाणात शेंगदाणे, प्रमाणात तूप. सगळं प्रमाणात आणि भरपूर. दर रविवारी सरांचं पोट साफ करणारं शोधनचूर्ण. तिसऱ्या आठवड्यात ती चुलीपुढेच कोसळली.

अकोल्याला सलाईन लागलं. साखर चारशेच्या वर. दोन दिवसांनी वजन केलं, तर पहिल्या शनिवारपेक्षा किलोभर जास्तच.

"मामा, शनिवारी वजन कधी करते तिथं?" करिश्मानं विचारलं.

"पंगत झाल्यावर. पिठलं, ठेचा, खारट ताक, पोट फुटेस्तोवर."

"अन् रविवारी?"

"चूर्ण. पाणी घोटभर. मीठ बंद. सोमवारी उपाशीपोटी काट्यावर."

बोलता बोलता गोवर्धन थांबला. रोज पहाटे तो मेथीच्या जुड्यांवर पाणी मारायचा. जुडी टवटवीत दिसते आणि काट्यावर जडही भरते. दुपारपर्यंत तीच जुडी हलकी. पाणी गेलं, मेथी तेवढीच.

"पोरी, मी काटा तपासला," तो हळू म्हणाला. "माल नाही तपासला."

"प्रमाण पाहणं चूक नाही, मामा. प्रोटीन पायजेच. पण ग्रॅमभर प्रोटीनच्या चार कॅलरी, कार्बच्याही चार, फॅटच्या नऊ. तिन्ही मोजले की कॅलरी मोजूनच होते. प्रमाण जमवून दुप्पट खाल्लं, त दुप्पटच खाल्लं."

पुढच्या सोमवारी गोवर्धन कार्यालयात गेला आणि काट्यावर चढला. एकाहत्तर. उतरून त्यानं सगळ्यांदेखत दोन लिटर पाणी प्यायलं आणि पुन्हा चढला. त्र्याहत्तर.

"पाच मिनिटांत माही दोन किलो चरबी वाढली का, सर?"

"ही पाण्यातली नकारात्मक ऊर्जा," सर म्हणाले.

"मंग सोमवारी उतरते ते काय? तेबी पाणीच. शनिवारी भरता, रविवारी काढता. चरबी जाग्यावर." तो रांगेकडे वळला. "काटा खरा हाय म्हणून मीच सांगतलं होतं. माही बायको त्या भरवशावर दवाखान्यात पडून हाय. मी चुकलो."

"पण आकडा त उतरला ना?" रांगेतली एक बाई म्हणाली.

"उतरला, बाई. शनिवारी पोटभर जेवून वजन करा, रविवारी काही न करता घरी बसा, अन् सोमवारी उपाशी वजन करा. तरी थोडा उतरीन."

"मंग आमी उतरू का रांगेतून?"

"माह्या सांगण्यावरून नका उतरू. माह्या सांगण्यावरूनच चढले होते. आधी विचारा, काय गेलं, कुठून गेलं, अन् परत येते का. गोळी बंद करायची त डॉक्टरला विचारा."

चार-पाच जणांनी चपला घातल्या. बाकीची रांग हलली नाही. सर त्रिकोण काढायला हात उचलणार, तेवढ्यात पहिल्या नंबरवर उभा असलेला म्हातारा काट्यावर न चढताच म्हणाला,

"सर, त्या चूर्णात काय काय हाय, ते सांगा बरं पहिले."