कुर्माघरात परत आलेली बुधरी

मी कुर्माघर बोलतेय. घर आपलं म्हणायचं. खरं तर आलापल्लीच्या जंगलातल्या एका गावाच्या कडेला वाकून उभी असलेली कुडाची झोपडी. पाळी आलेल्या बायकांनी माझ्यात राहायचं आणि रक्त थांबल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, अशी इथली रीत. पुरुष मला वळसा घालून जातात. मला वाटायचं, काय माझा दरारा! छप्पर गळतं, आत शिरताना प्रत्येकीचं डोकं आपटतं, पण ऐट मात्र राजवाड्याची.

बायकांचं सगळं आपल्यालाच कळतं, असाही माज होता. म्हणून पाळी जाऊन कित्येक वर्षं झालेली बुधरी गाठोडं घेऊन परत आली, तेव्हा मी हुरळून गेले. आजीबाईंना माझी आठवण आली म्हणायची! सोबतच्या बायकांनी म्हातारी जवान झाली म्हणून तिला चिडवलं. तीही हसली.

पण रक्त थांबेना. कंबर दुखायची, अंगावरून घाण वासाचं पाणी जायचं. तो वास माझ्या कुजक्या छपराचाच असणार, असं समजून मी ओशाळले. इतकीच माझी अक्कल. रक्त थांबत नाही म्हणून तिला बाहेर पडता येईना, आणि बाहेर पडता येत नाही म्हणून दवाखाना नाही. माझ्या डोळ्यांदेखत ती वाळत चालली.

शेवटी तिची सून मंगली आलापल्लीहून नर्स इंदुताईंना घेऊन आली. त्यांचंही डोकं आपटलं. लग्न कोणत्या वयात झालं, बाळंतपणं किती, सगळं विचारून त्यांनी बुधरीला तपासलं.

"माय, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाते, ते पाळी नसते," त्या हळू म्हणाल्या. "पिशवीच्या तोंडाशी गाठ हाये. कॅन्सर असू शकते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रेडियम लावतात, म्हणजे किरणांनी गाठ जाळतात, पण आताच निघा लागते."

"थांबलं नाई, मंग निघू कशी?"

"पाळीच नाई हे, त रीत कशाची?" मंगली म्हणाली आणि सासूला पाठीवर घेऊन बाहेर पडली.

पुढचा सगळा पावसाळा मी घाबरून काढला. मग एक दिवस बुधरी शहरातून उपचार घेऊन आली. हाडं राहिलेली, पण स्वतःच्या पायांनी. माझ्या कुडाला तिने काठीने ढोसलं.

"तुह्या भरवशावर राह्यली असती त मेली असती."

शिव्या द्यायला ती उरली होती, याचाच मला आनंद झाला.

काल गावातली सोमारी गाठोडं घेऊन आली. तिचीही पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत. बुधरीने तिला दारातूनच फिरवलं आणि दोघी आलापल्लीच्या वाटेला लागल्या. बायांनो, असं पुन्हा रक्त दिसलं तर माझ्याकडे येऊ नका. मी रिकामी राहीन, रुसणार नाही.